राजपार्ट खेळणाऱ्याच्या हाती

फँटसी रोल-प्लेइंग गेम, खेळणाऱ्यांच्या तोंडी नुसता ‘आरपीजी’, हा एखादे पात्र अंगावर घेऊन ते निभावण्याचा खेळ आहे. जादू, राक्षस, शापित किल्ले हे त्याचे नेपथ्य. त्यामुळे पारख करताना डोंगर-झाडे किती हुबेहूब काढली आहेत हा प्रश्न नंतरचा. खेळणाऱ्याने घेतलेल्या पार्टाची त्या जगाला दखल आहे का, हे आधी पाहावे लागते.

या खेळाचा जन्म संगणकावर झालेला नाही. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ निघाला, तो कागद, पेन्सिल आणि फाशांवर. चारपाच जण टेबलाभोवती बसत. एक जण सूत्रधार होऊन प्रसंग सांगे. बाकीचे ‘मी दार फोडतो’, ‘मी पहारेकऱ्याला पैसे चारतो’ असे आपापल्या पात्राच्या वतीने बोलत, आणि ते जमले की फसले याचा निकाल फासा लावी. त्यात कोणी जिंकत नसे. १९८१ मध्ये ‘अल्टिमा’ आणि ‘विझर्ड्री’ हे दोन गेम आले आणि सूत्रधाराच्या जागी यंत्र बसले. माणूस असलेला सूत्रधार ऐन वेळी नवे काही रचू शकतो. यंत्राला लेखकाने आधी लिहून ठेवले असेल तेवढेच सांगता येते. आरपीजीच्या बहुतेक खुब्या आणि बहुतेक खोडी या एका अडचणीतून निघतात.

कणकवली-कुडाळ पट्ट्यातल्या माणसाला हे फार समजावून सांगावे लागू नये. धयकालो, म्हणजे दशावतार, याच पायावर उभा आहे. दशावतारी नाटकाला परंपरेने लिखित संहिता नसते. तोंडाला रंग लावता लावता त्या रात्रीचे आख्यान ठरते, राजपार्ट कोणाचा, स्त्रीपार्ट कोणाचा, राक्षस कोण, नारद कोण हे वाटून घेतले जाते. संवाद मात्र ज्याने त्याने प्रेक्षकांसमोर उभे राहूनच रचायचा. नेपथ्य म्हणजे एक बाकडे. तेच सिंहासन, तोच रथ, वेळ पडली तर तोच पर्वत. जत्रेतला प्रेक्षक बाकड्याबद्दल तक्रार करत नाही. नारदाने आडवा प्रश्न टाकला आणि राजाने पाठ केलेलेच भाषण पुढे रेटले, तर मात्र तो उठून खाज्याच्या दुकानाकडे वळतो. आरपीजीला लावायची पहिली कसोटी हीच आहे.

या कसोटीवर पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेडचा ‘द विचर ३’ (२०१५) अजूनही दाखला म्हणून घेतला जातो. त्यात एका टेकडीखाली जखडलेला आत्मा सोडायचा की मारायचा, असा पेच येतो. आत्मा खरे बोलतो की खोटे, हे कळायला मार्ग नाही. त्याला सोडले तर काही अनाथ मुलांचा जीव वाचतो, पण शेजारच्या गावात कत्तल होते आणि एका सरदाराचे घर कायमचे बुडते. मारले तर सरदार आणि त्याची बायको जगतात, मुले जातात. आणि हे सगळे कळते ते बऱ्याच वेळाने, खेळणारा दुसऱ्याच कामात गुंतलेला असताना. चांगला पर्याय, वाईट पर्याय अशा पाट्या लावलेल्या नसल्याने निर्णय खेळणाऱ्याच्या अंगावर येतो. पुष्कळ गेममध्ये याच्या उलट चालते. पडद्यावर उत्तराचे तीन पर्याय दिसतात आणि तिन्हींवर समोरचे पात्र तेच वाक्य बोलते. हे पकडायला फार हुशारी लागत नाही. संभाषणाआधी खेळ सेव्ह करावा, एक उत्तर द्यावे, मग सेव्ह उघडून दुसरे द्यावे. दोनतीन ठिकाणी असे केले की लेखकाने किती काम केले आहे ते दिसते.

‘स्कायरिम’ (२०११) या कसोटीवर कमी पडतो, असे म्हटले की त्याचे चाहते चिडतात. पण त्यात जादूचे जेमतेम दोनचार प्रयोग येणारा तलवारबहाद्दर जादूगारांच्या विद्यापीठाचा प्रमुख होतो आणि त्याचे कोणालाच काही वाटत नाही. त्या गेमचे बळ वेगळ्या ठिकाणी आहे. समोर दिसणाऱ्या बहुतेक डोंगरांवर चालत जाता येते, वाटेत एखादी गुहा लागते, तिथे कोणाची तरी डायरी पडलेली असते आणि मूळ काम विसरून दोन तास निघून जातात. भटकण्याचा खेळ म्हणून तो पहिल्या रांगेतला आहे, पार्ट निभावण्याचा खेळ म्हणून मधल्या. दोन्हींना मिळून एकच गुण द्यायची जी पद्धत गेमच्या परीक्षणांत रूढ आहे, तिच्यातून हा फरक कळत नाही. दहापैकी नऊ म्हणजे नऊ कशात, हे वाचकाने विचारलेच पाहिजे.

दुसरी गोष्ट हिशेबाची. पात्र लढते, अनुभवाचे गुण मिळवते, लेव्हल चढते, बळकट होते. ही चढण जाणवली पाहिजे. ‘ऑब्लिव्हियन’ (२००६) मध्ये खेळणाऱ्याबरोबर बहुतेक शत्रूंचीही लेव्हल वाढत जाई. परिणाम असा, की पुढे पुढे रस्त्यावरचे फुटकळ लुटारूसुद्धा राजाला परवडणार नाहीत असली महागडी चिलखते घालून चिल्लर मागायला उभे राहत. आकडे वाढत होते, पण पात्र मोठे होत नव्हते.

बेल्जियमच्या लॅरियन स्टुडिओजचा ‘बाल्डर्स गेट ३’ ऑगस्ट २०२३ मध्ये पूर्ण रूपात आला आणि टेबलावरच्या मूळ खेळाच्या सर्वांत जवळ गेला. वीस बाजूंचा फासा पडद्यावरच पडतो, आणि दान फसले तरी कथा बहुधा थांबत नाही, दुसऱ्या वाटेने जाते. लेखकांनी फसण्याच्या वाटाही लिहून ठेवल्या, हे त्याचे खरे वैभव. पण त्याच्या निमित्ताने परीक्षणातला एक सापळाही दिसतो. त्याचा पहिला अंक ऑक्टोबर २०२० पासूनच विक्रीला होता. जवळपास तीन वर्षे लोक तो खेळत होते, चुका दाखवत होते. तिसऱ्या अंकातल्या मोठ्या शहराला हा लाभ झाला नव्हता, आणि तिथे आरंभी गेम जड चाले, चुकाही अधिक. दहा तास खेळून मत देणाऱ्याला हे दिसणार नव्हते. आरपीजीचा आरंभ हा नेहमी सर्वांत घासूनपुसून काढलेला भाग असतो.

मराठी मुलखातला जवळचा दाखला पुण्याचा. नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ २०२० मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणातल्या सर्वोत्तम गेमसाठी त्याला नामांकन मिळाले. महाबलासुर नावाचा राक्षस गोलू नावाच्या मुलाला पळवतो आणि त्याची बहीण राजी त्रिशूळ घेऊन शोधाला निघते. दुर्गा आणि विष्णू आपसात बोलत तिची गोष्ट सांगतात. राजस्थानी धाटणीचे वाडे आणि पाण्यातले महाल यांतून ती धावते, तेव्हा प्रत्येक चौकट थांबून पाहावीशी वाटते. मधले कथाप्रसंग छायाबाहुल्यांच्या रूपात येतात. सिंधुदुर्गातल्या प्रेक्षकाला ते परके वाटायचे कारण नाही. कुडाळला लागून असलेल्या पिंगुळीत ठाकर समाजाने चित्रकथी आणि कळसूत्रीबरोबर चामड्याच्या छायाबाहुल्याही जपल्या आहेत, आणि त्यासाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. पडद्यामागचा दिवा, पुढची काळी आकृती आणि बाजूला गोष्ट सांगणारा आवाज हा मेळ राजीमध्ये ओळखीचा वाटतो.

तरीही राजी हा आरपीजी नाही. शस्त्रांच्या शक्ती वाढवता येतात, पण राजीने काय करायचे, कोणाशी कसे बोलायचे हे खेळणाऱ्याच्या हाती नाही. तो लेखकाने आखलेली वाट चालतो. म्हणून त्याला पर्याय का नाहीत असे विचारणे अन्यायाचे होईल. तो ॲक्शन-ॲडव्हेंचर प्रकारचा गेम आहे आणि त्या मापाने पाहिले तर नेपथ्याला पैकीच्या पैकी, लढाईच्या चपळाईला मध्यम, आणि काही तासांत अर्धवट तुटल्यासारख्या शेवटाला कमी, असा हिशेब मांडावा लागतो. आपल्याकडचा आहे म्हणून वरचे दोन गुण देण्याची गरज त्या गेमला नाही.

आता घरच्या गोष्टी. ‘बाल्डर्स गेट ३’ला सुमारे १५० जीबी जागा आणि एसएसडी लागते, शिवाय वेगळे ग्राफिक्स कार्ड. मूळ ‘स्कायरिम’ ६ जीबी जागेत आणि २ जीबी रॅमवर चालत असे, त्यामुळे जुन्या कॉम्प्युटरवर आजही तोच धरला जातो. कणकवलीत आषाढातल्या रात्री लाइट कधी जाईल याचा नेम नसतो, तेव्हा गेम कुठेही सेव्ह करता येतो की ठरावीक जागीच, हा तिथल्या खेळणाऱ्याला ग्राफिक्सइतकाच मोठा मुद्दा आहे. भाषेचाही विचार करावा. हे गेम वाचायचे असतात, संवाद आणि पोथ्या यांचा मजकूर काही कादंबऱ्यांएवढा भरतो, मोठ्या गेममध्ये मराठी मिळत नाही आणि इंग्रजीही जुन्या वळणाची असते. ‘द विचर ३’ आणि ‘बाल्डर्स गेट ३’ या दोन्हींना युरोपात १८ वर्षांवरील वयाचा शिक्का आहे. राक्षस-पऱ्या दिसल्या म्हणून सहावीतल्या मुलाला ते घेऊन देऊ नयेत.

विकत घेतल्यावर मन फिरले तर ‘स्टीम’ या ऑनलाइन दुकानाकडून पैसे परत मागता येतात. खरेदीला १४ दिवस आणि खेळण्याला २ तास उलटलेले नसावेत, अशी त्यांची अट. आरपीजीत नाक-डोळे, वंश, पेशा ठरवून पात्र उभे करण्यातच यातला तासभर जाऊ शकतो. चाचणीसाठी म्हणून घेतलेला गेम असेल तर तयार पात्र उचलावे, थेट पहिल्या गावात शिरावे आणि तिथल्या पहिल्याच माणसाशी उद्धट बोलून तो काय करतो ते पाहावे.