जुनी ओळख

एकदा गोवर येऊन गेला, की तो सहसा पुन्हा येत नाही. याचे कारण आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशी. त्यांपैकी काही पेशी येऊन गेलेल्या शत्रूची आठवण ठेवतात. अशा पेशींचा एक गट छातीच्या हाडामागील थायमस नावाच्या ग्रंथीत तयार होतो. थायमसच्या पहिल्या अक्षरावरून त्यांना टी-पेशी म्हणतात. या ‘टी’चा चहाशी काही संबंध नाही!

विषाणूशी लढणारे आणखी एक साधन आहे. ते म्हणजे प्रतिपिंडे. ती विषाणूच्या बाहेरच्या भागाला चिकटतात आणि त्याला पेशीत शिरू देत नाहीत. पण फ्लूचा विषाणू बहुरूप्यासारखा आपले बाहेरचे रूप बदलत राहतो. मग जुनी प्रतिपिंडे त्याला नीट ओळखत नाहीत.

टी-पेशींची रीत निराळी आहे. विषाणू एखाद्या पेशीत शिरला, की ती पेशी त्याच्या प्रथिनांचे तुकडे आपल्या पृष्ठभागावर आणून ठेवते. “माझ्या घरात चोर शिरला आहे,” असे जणू ती सांगते. ओळखीचा तुकडा दिसताच मारक टी-पेशी त्या पेशीचाच नाश करते. चोराबरोबर घरही जाते. पण शेजारची घरे वाचतात. टी-पेशी आजारी पेशी कशी ओळखते, हे पीटर डोहर्टी आणि रोल्फ त्सिंकरनागेल यांनी ऑस्ट्रेलियात उंदरांवर प्रयोग करून शोधले. त्यासाठी त्यांना १९९६ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

हे तुकडे विषाणूच्या आतील प्रथिनांचेही असतात. आतील प्रथिने फारशी बदलत नाहीत. एकाच घराण्यातील विषाणूंमध्ये ती बरीच सारखी असतात. म्हणूनच एक नवल घडले. २००३ साली सार्सची साथ आली होती. २०२० साली सिंगापूरच्या शास्त्रज्ञांनी सार्समधून बऱ्या झालेल्या २३ जणांचे रक्त तपासले. सतरा वर्षांनंतरही त्यांच्या टी-पेशींना सार्सची आठवण होती. एवढेच नव्हे, तर कोविडच्या विषाणूतील तसेच प्रथिनही त्यांनी ओळखले!

मात्र टी-पेशी विषाणूला दारातच अडवू शकत नाहीत. तो पेशीत शिरल्यावरच त्यांचे काम सुरू होते. २००९ साली फ्लूचा नवा प्रकार जगभर पसरला. तेव्हा लंडनमध्ये एका विद्यापीठातील लोकांची तपासणी झाली. फ्लूची आतील प्रथिने ओळखणाऱ्या मारक टी-पेशी ज्यांच्या रक्तात आधीपासून जास्त होत्या, त्यांनाही लागण झाली. पण त्यांचा आजार सौम्य राहिला.