जालन्याची मोसंबी आणि द्रव्याचा रसगंध : वनस्पती-संप्रेरकांचे कार्य

रुग्णास मोसंबीचा रस द्यावा, असा सल्ला आपण नेहमीच देतो. सकाळी काढलेला तोच रस दुपारी कडू लागतो, ही नातेवाइकांची तक्रारही आपल्या परिचयाची आहे. बाजारातील पिवळीधमक मोसंबी कधी आंबट निघते, तर हिरवट सालीची गोड निघते. जालना जिल्ह्यातील वैद्यांना या अनुभवांचे नवल वाटत नाही. येथील मोसंबीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले असून बदनापूर येथे या फळाचे संशोधन केंद्र आहे. तथापि या अनुभवांमागील कारणे समजून घेतल्यास औषधी द्रव्यांच्या खरेदीतही त्यांचा उपयोग होतो. म्हणून प्रस्तुत लेखात वनस्पतींमधील संप्रेरके व त्यांचा रसगंधाशी असलेला संबंध यांचा विचार केला आहे.

संप्रेरके व पेशीतील संदेशवहन

वनस्पतींना मज्जासंस्था नाही, रक्ताभिसरणही नाही. तरीही मुळाला जाणवलेली पाण्याची टंचाई पानाला कळते आणि एका पानाला झालेली जखम दुसऱ्या पानाला समजते. विद्युत् व अन्य संकेतांबरोबर हे निरोप पोचविण्याचे काम अत्यल्प प्रमाणात निर्माण होणारी संप्रेरके करतात. ऑक्झिन, जिबरेलिन, सायटोकायनिन, ॲबसिसिक आम्ल, इथिलीन आणि जास्मोनिक आम्ल ही त्यांतील प्रमुख होत.

संप्रेरक स्वतः रस वा गंध निर्माण करीत नाही. ते पेशीतील विशिष्ट ग्राही प्रथिनाला चिकटते. गंधद्रव्ये तयार करणाऱ्या अनेक जनुकांवर एरवी लगाम घातलेला असतो. संप्रेरक आले की तो लगाम सैल होतो, जनुके जागी होतात, त्यांच्यापासून विकरे तयार होतात आणि ती विकरे शर्करा, मेदाम्ले यांसारख्या साध्या द्रव्यांचे सुगंधी व कडू द्रव्यांत रूपांतर करतात. वनस्पती तीच, जनुकेही तीच. परंतु कोणता निरोप केव्हा आला यावर द्रव्याचे गुण ठरतात.

ताण : पाण्याचा निरोप

आंबे बहारासाठी बागाईतदार हिवाळ्याच्या आरंभी आणि मृग बहारासाठी उन्हाळ्यात मोसंबीचे पाणी तोडतात. यालाच बागेला ताण देणे म्हणतात. पाणी कमी पडताच झाडात ॲबसिसिक आम्ल वाढते. ते पानांवरील रंध्रे मिटविते व बाष्पीभवन रोखते. झाडाची वाढ थांबते, फुटीवर खर्च होणारा संचय शिल्लक राहतो आणि पुन्हा पाणी मिळताच फुले येतात. याउलट याच काळात जिबरेलिनची फवारणी केल्यास मोसंबीवर्गीय झाडांत फुले कमी येतात. यावरून संप्रेरकांचा तोल किती नाजूक आहे, हे लक्षात येते.

फळ पोसत असताना पाण्याची सौम्य ओढ बसल्यास रसातील शर्करा व आम्ल यांचे प्रमाण वाढते; मात्र फळ लहान राहते. अतिरेक झाल्यास झाडच जाते. 2012-13 च्या दुष्काळात जिल्ह्यातील कित्येक बागा वाळल्या, हे आपण पाहिले आहे. ताण हितकर, पण मात्रेत; हे तत्त्व वैद्यास वेगळे सांगावयास नको.

रंग म्हणजे पक्वता नव्हे

आंबा, केळी ही फळे तोडल्यानंतरही पिकतात. त्यांच्यात इथिलीन वेगाने वाढते व पिष्टाची शर्करा होते. मोसंबीची गोष्ट निराळी आहे. तिच्यात पिष्टाचा असा साठा नसल्याने तोडल्यानंतर ती गोड होत नाही. इथिलीन दिल्यास सालीतील हरितद्रव्य नष्ट होऊन रंग पिवळा दिसतो, इतकेच. म्हणून रुग्णासाठी फळ निवडताना रंगापेक्षा वजन, सालीचा तजेला व बहाराचा काळ पाहावा. फळे पिकविण्यासाठी कॅल्शियम कार्बाइडच्या वायूचा वापर कायद्याने निषिद्ध आहे. त्यात आर्सेनिक व फॉस्फरसयुक्त घातक अंश असू शकतात. नियंत्रित प्रमाणात इथिलीन वायू वापरण्यास मात्र परवानगी आहे.

गंधाच्या बाबतीत एक सूक्ष्म गोष्ट नोंदवावीशी वाटते. संत्रे-मोसंबीच्या जातीत व्हॅलेन्सीन नावाचे सुगंधी द्रव्य फळ पक्व होण्याच्या अखेरच्या टप्प्यातच साठते. ते निर्माण करणारे जनुक इथिलीनला प्रतिसाद देते, असे 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. कोवळेपणी तोडलेल्या फळास हा गंध पुरेसा का नसतो, याचा येथे उलगडा होतो.

रस कडू होण्याचे कारण लिमोनिन. अखंड फळात त्याचे चवरहित पूर्वद्रव्य असते. रस काढताना पेशी फुटतात, आम्लाशी संयोग होतो आणि काही वेळाने कडू लिमोनिन तयार होते. फळ झाडावर पक्व होत जाते तसे हे पूर्वद्रव्य घटते. म्हणून पक्व फळाचा रस बिया न चिरडता काढावा व लगेच द्यावा.

जखम आणि जाईचा गंध

जाईच्या फुलांच्या तेलातून 1962 मध्ये मेथिल जास्मोनेट हे द्रव्य वेगळे करण्यात आले. पुढे असे आढळले, की कीड लागली वा पान फाटले की अनेक वनस्पती जास्मोनिक आम्ल तयार करतात. त्यामुळे पेशीतील अवरोधक प्रथिने नष्ट होतात आणि संरक्षक द्रव्यांची निर्मिती सुरू होते. वनस्पतीची ही संरक्षक द्रव्येच पुष्कळदा आपली औषधी द्रव्ये असतात. सब्जाच्या रोपांना मेथिल जास्मोनेट दिल्यास युजेनॉल व लिनॅलूल वाढते. अश्वगंधेच्या प्रयोगशाळेत वाढविलेल्या मुळांत विदाफेरिन वाढते, असे प्रयोग प्रसिद्ध आहेत. परंतु अशा संप्रेरकाने रोपाची वाढ खुंटते, हेही ध्यानात घ्यावे. शिवाय एक घटक वाढला म्हणजे समग्र द्रव्याचे वीर्य वाढले, असे म्हणता येत नाही.

संग्रहकाल व व्यवहार

चरकसंहितेच्या कल्पस्थानाच्या प्रथम अध्यायात पाने वर्षा-वसंतात, मुळे ग्रीष्मात वा शिशिरात, त्वचा, कंद व क्षीर शरदात, सार हेमंतात आणि फुले-फळे आपापल्या ऋतूत घ्यावीत, असा निर्देश आहे. पाने गळताना झाड त्यांतील पोषक द्रव्ये इतरत्र साठवते, हे वनस्पतिशास्त्रही सांगते. आचार्यांना संप्रेरके ठाऊक होती, असा दावा करण्याचे कारण नाही. त्यांचे निरीक्षण अचूक होते, एवढे पुरेसे आहे.

औषधालयांच्या मालकांनी यावरून पुढील गोष्टी पाळाव्यात. माल घेताना केवळ नाव व रंग न पाहता तोडणीचा महिना, पाण्याची स्थिती आणि वाळवण्याची पद्धत विचारून नोंदवावी. सुगंधी द्रव्यांच्या प्रत्येक खेपेतील उडनशील तेलाचे प्रमाण तपासून घ्यावे. फवारणीने वीर्य दुप्पट होते, असे सांगून जादा भाव मागणाऱ्याकडे त्या खेपेचा तपासणी अहवाल मागावा. वनस्पतीची ओळख बरोबर असूनही औषध गुण देत नाही, तेव्हा दोष नेहमी योगाचाच असतो असे नाही. तो पुष्कळदा अकाली केलेल्या तोडणीत असतो आणि त्याची झळ रुग्णास सोसावी लागते.