विषाणूचा रंग कोणता?

कोरोनाच्या विषाणूचं चित्र काढा म्हटलं, तर खडूच्या डबीतून कोणता खडू उचलाल?

पैज लावून सांगते, बहुतेक जण लाल उचलतील. काही जण हिरवा. मग एक गोल काढतील, त्याला सगळीकडून काटे काढतील आणि हात रंगात आला की दोन रागीट डोळे, वाकड्या भुवया आणि दात. दात तर हवेतच! विषाणूला दात नसतात हे तुम्हाला ठाऊक आहे. डोळे नसतात हेही ठाऊक आहे. पण त्याला रंगही नसतो, हे माहीत होतं का?

थांबा, तिकडे येऊच. आधी सांगा, २०२० साली तुम्ही केवढे होता? चार वर्षांचे? पाच? २२ मार्चला संध्याकाळी ५ वाजता सगळ्यांनी दारात उभं राहून थाळ्या बडवल्या, ते अंधुक आठवत असेल. मग २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी. आपल्या रायगडकरांची तर आणखीच गंमत झाली. मुंबईच्या भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला गाड्या घेऊन येणारी रो-रो बोट १५ मार्चला सुरू झाली, आणि लोक तिच्यात धड बसतात न बसतात तोच बंद पडली. तुमच्या धाकट्या भावंडांना यातलं काहीच माहीत नाही. मास्क घालून काढलेला तुमचा फोटो बघून ती विचारतात, 'ताई, तू चोर झाली होतीस का?'

त्यांना ते दिवस दाखवायचे असतील तर एक सोपी युक्ती आहे. त्या वर्षी जगभर लहान मुलांसाठी कोरोनावरची चित्रपुस्तकं निघाली. एरवी चित्रपुस्तक तयार व्हायला वर्ष-दोन वर्षं सहज लागतात. ही मात्र काही आठवड्यांत तयार झाली, आणि यातली बरीचशी फुकट वाचायला दिलेली होती, कारण दुकानंच बंद होती! कोलंबियातल्या मानुएला मोलिनाबाईंनी मार्चमध्येच 'कोविबुक' नावाचं छोटंसं पुस्तक केलं. त्यात विषाणू स्वतःच मुलांशी बोलतो. इंग्लंडमध्ये 'ग्रफेलो' या पुस्तकाची चित्रं काढणारे अ‍ॅक्सेल शेफलर यांनी एप्रिलमध्ये एका पुस्तकाला चित्रं दिली, आणि त्यातली माहिती बरोबर आहे ना हे पाहायला साथरोगांचे एक प्राध्यापक बसवले होते. 'माय हिरो इज यू' या पुस्तकात सारा नावाची मुलगी आरिओ या काल्पनिक प्राण्यावर बसून देशोदेशीच्या मुलांना भेटून येते. लिहिण्याआधी १०४ देशांतल्या १,७०० हून अधिक मुलांना आणि मोठ्यांना त्यांच्या मनात काय चाललंय ते विचारलं होतं. पुढे ते पुस्तक शंभराहून जास्त भाषांत गेलं.

आपल्याकडे चंडीगडच्या दोन शास्त्रज्ञांनी, रवींद्र खैवाल आणि सुमन मोर यांनी, 'वायू' नावाच्या महानायकाची चित्रकथा केली. प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेने बऱ्याच लेखक-चित्रकारांना एकत्र आणून 'द नॉवेल कोरोनाव्हायरस: वी कॅन स्टे सेफ' हे पुस्तक केलं. प्रथमच्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर ते मराठीतही आहे. घरातल्या मोबाइलवर उघडून बघा, पैसे पडत नाहीत.

आता एक अडचण बघा. सिंहाचं चित्र काढायचं तर चित्रकार प्राणिसंग्रहालयात जाऊन बसतो. या चित्रकारांनी काय बघून काढायचं? विषाणू तर कुणालाच दिसत नव्हता.

तो किती लहान आहे ते आपल्या श्रीवर्धनच्या सुपारीवर मोजू. १ मिलिमीटरचे दहा लाख भाग केले की एक भाग म्हणजे १ नॅनोमीटर. कोरोनाचा विषाणू साधारण १०० नॅनोमीटरचा. आता समजा, कुणीतरी जादूने सगळं जग एकदम फुगवलं आणि तो विषाणू सोललेल्या सुपारीएवढा, म्हणजे ३ सेंटिमीटरचा झाला. किती पट झाला? तीन लाख पट. मग त्याच जादूने १२० सेंटिमीटर उंचीची एखादी मुलगी केवढी होईल? गुणाकार करा बरं. ३६० किलोमीटर! म्हणजे डोकं अलिबागच्या किनाऱ्यावर टेकवून ती आडवी झाली, तर पाय जातील थेट गोव्यात, पणजीपर्यंत. आणि तिला आजारी पाडणारा तो, सुपारीएवढा.

आता रंगाचं. रंग दिसतो तो वस्तूवर आपटून डोळ्यात आलेल्या प्रकाशामुळे. प्रकाशाच्या लाटा असतात. जांभळ्या रंगाची लाट सुमारे ४०० नॅनोमीटर लांब, लाल रंगाची सुमारे ७००. आपला विषाणू १०० चा! सगळ्यात आखूड लाटेपेक्षाही तो कितीतरी लहान. एवढ्याशा एकट्या कणावरून लाल, हिरवा असा रंग आपल्या डोळ्यापर्यंत येतच नाही. शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखाली धरलात तरी काही दिसणार नाही, कारण तोही प्रकाशावरच चालतो.

मग शास्त्रज्ञांनी तो पाहिला कसा? प्रकाश सोडून त्यांनी इलेक्ट्रॉन नावाचे अतिसूक्ष्म कण वापरले. इलेक्ट्रॉनच्या लाटा प्रकाशापेक्षा खूपच आखूड, त्यामुळे एवढं बारीकही टिपता येतं. पहिला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक १९३१ साली जर्मनीत तयार झाला. म्हणूनच १९१८ मध्ये इन्फ्लुएंझाची भयंकर साथ आली तेव्हा, आपल्या पणजोबांच्याही वडिलांच्या काळात, कुणालाच त्या रोगाच्या विषाणूचं चित्र काढता आलं नसतं. लोकांना मारणारं हे आहे तरी काय, हेच तेव्हा डॉक्टरांना कळलेलं नव्हतं.

माणसाला बाधणाऱ्या कोरोना विषाणूचा पहिला फोटो काढणाऱ्या बाईंची गोष्ट मला फार आवडते. त्यांचं नाव जून अल्मेडा. स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात एका बसचालकाच्या घरी १९३० साली त्यांचा जन्म झाला. सोळाव्या वर्षी शाळा सुटली आणि त्या दवाखान्याच्या प्रयोगशाळेत कामाला लागल्या. पुढे १९६० च्या दशकात लंडनमध्ये त्यांच्याकडे एक नमुना आला. कशाचा? इंग्लंडमधल्या वसतिगृहात राहणाऱ्या एका मुलाच्या सर्दीचा! हो, शेंबडाचा. त्या विषाणूभोवतीची जागा जड धातूच्या क्षाराने रंगवून घ्यायच्या. मग काळपट जागेत विषाणू उजळ दिसायचा, आणि त्याच्या कडेचे बारीक दांडे स्पष्ट कळायचे. त्यांनी आधी पाठवलेले फोटो एका मासिकाने नाकारले होते. काय कारण दिलं? हे तर इन्फ्लुएंझाच्या विषाणूचे खराब फोटो आहेत म्हणे!

२०२० मध्ये हीच युक्ती आपल्या पुण्यात वापरली गेली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत (तीच ती, एनआयव्ही, १९५२ पासूनची) शास्त्रज्ञांनी केरळमध्ये सापडलेल्या भारताच्या पहिल्या रुग्णाच्या नमुन्यात विषाणूचा कण शोधला. तो भरला ७५ नॅनोमीटर. मार्चमध्ये तो फोटो छापून आला. बघाल तर तुम्ही म्हणाल, हे काय, धुरकट राखाडी ठिपका! पण खरा चेहरा तोच. इलेक्ट्रॉनने काढलेल्या फोटोत रंग नसतातच.

मग लाल रंग आला कुठून? अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी संस्थेतल्या दोन चित्रकारांच्या डोक्यातून. अलिसा एकर्ट आणि डॅन हिगिन्स यांनी जानेवारी २०२० मध्ये ते प्रसिद्ध चित्र तयार केलं. राखाडी गोळा, त्यावर लालभडक काटे. काटे कुठे, कसे, हे त्यांनी शास्त्रज्ञांच्या माहितीवरून ठरवलं, कारण त्या काट्यांनीच विषाणू आपल्या पेशीला चिकटतो. रंग मात्र त्यांनी स्वतः निवडला. लाल दिसला की माणूस दचकतो ना! ते चित्र जगभर टीव्हीवर फिरलं. त्यांनी जांभळा घेतला असता तर आज तुमच्याही हातात जांभळा खडू आला असता.

रंगाबद्दल माझी काही तक्रार नाही. कोणता तरी द्यावाच लागतो. तक्रार आहे ती रागीट डोळ्यांची. विषाणूला राग, लोभ, डाव, काही नसतं. पेशीच्या बाहेर तो नुसता पडून असतो. त्याला दुष्ट राक्षस केलं की मग ज्या घरात तो गेला तेही घर वाईट वाटायला लागतं. त्या काळात कितीतरी आजारी माणसांना शेजारच्यांनी वाळीत टाकल्यासारखं वागवलं, ते घरी विचारा. म्हणून बिनडोळ्यांचा विषाणू काढणारी पुस्तकं मला जास्त आवडतात.

या पुस्तकांशी एक खेळ खेळता येतो. शेवटच्या पानावरचं साल झाका, आणि चित्रं बघून पुस्तक कधीचं ते ओळखा. सगळे हात धुताहेत, खोकताना कोपर तोंडावर धरताहेत, पण धडधाकट माणसांच्या तोंडावर मास्कच नाही? मग ते साथीच्या अगदी सुरुवातीचं असणार. घरच्या घरी कापडी मास्क करा असं आपल्या सरकारने एप्रिलच्या सुरुवातीला सांगितलं, आणि जिथे साथ पसरली आहे आणि अंतर ठेवणं अवघड आहे तिथे सगळ्यांनी तो वापरावा असं जागतिक आरोग्य संघटना जूनमध्ये म्हणाली. चित्रात खिडक्या मुद्दाम उघड्या काढल्यात? मग थोडं नंतरचं असेल. बारीक थेंब बंद खोलीच्या हवेत तरंगत राहतात, हे सगळ्यांच्या गळी उतरायला वेळ लागला. लस टोचून घेणारी आजी आहे? आपल्याकडे लसीकरण १६ जानेवारी २०२१ ला सुरू झालं आणि आजी-आजोबांची पाळी मार्चमध्ये आली. लस घेणारा बारा-तेरा वर्षांचा मुलगा असेल तर २०२२.

एक गोष्ट मात्र मला यातल्या एकाही पुस्तकात भेटली नाही, आणि ती आपल्या किनाऱ्यावर घडली. ३ जून २०२०. 'निसर्ग' चक्रीवादळ!

पुस्तकातली मुलं घरात सुरक्षित बसतात. खिडकीतून बाहेर बघतात, संगणकावर शाळा शिकतात. आणि इथे? त्याच घरांची कौलं उडाली, पत्रे पतंगासारखे गेले. 'घरातच थांबा' असं दोन महिने ऐकलेल्या हजारो लोकांना आता 'घर सोडा' सांगितलं गेलं. किनाऱ्याजवळची माणसं शाळांमध्ये, पक्क्या इमारतींमध्ये हलवली. तोंडाला मास्क, आणि एका वर्गात एवढी माणसं. अंतर कसं ठेवणार?  श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूडकडच्या वाड्या झोपल्या. सुपारीचं झाड लावल्यावर पीक यायला पाच-सात वर्षं लागतात, म्हणजे तुमच्या तेव्हाच्या अख्ख्या वयाएवढी किंवा जास्तच. वीज कित्येक दिवस आली नाही. मोबाइलच चार्ज होईना, तिथे ऑनलाइन शाळा कसली? पुढे २० जुलैला सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' हा अभ्यासाचा कार्यक्रम सुरू झाला, पण टीव्हीलाही वीज लागतेच की.

हे चित्रपुस्तक कुणी काढायचं? तुम्हीच काढा. पण त्यातही तीच अडचण आहे बरं का. वारा कुठे दिसतो? त्या दिवशी टीव्हीवर वादळाचं रंगीत भिरभिरं दाखवत होते ना, त्यातलेही बरेच रंग संगणकाने दिलेले. उपग्रह ढगांच्या माथ्याची उष्णता मोजतो, आणि कुठल्या आकड्याला कुठला रंग द्यायचा ते माणसं ठरवतात.

तरी वारा कुठून कुठे जात होता, हे तुम्ही अगदी बरोबर काढू शकता. आपल्या उत्तर गोलार्धात चक्रीवादळ घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतं. 'निसर्ग'चा डोळा, म्हणजे वादळाचा मधला भाग, दुपारी अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढला, वारा ताशी ११० ते १२० किलोमीटर. कागदावर डोळा काढा, डावीकडे समुद्र, उजवीकडे जमीन, आणि उलट्या दिशेने बाण फिरवा. काय दिसतं? डोळ्याच्या उत्तरेला वारा जमिनीकडून समुद्राकडे चाललाय, आणि दक्षिणेला समुद्रावरून जमिनीकडे. डोळा पुढे सरकला की बाणही फिरतात, म्हणून एकाच गावात सकाळचा वारा वेगळा आणि दुपारचा वेगळा. म्हणजे अलिबागचे माड आधी कुठल्या बाजूला वाकले असतील, आणि श्रीवर्धनचे कुठल्या?

उत्तर मी सांगणार नाही. वाडीत त्या दिवशी कोण कोण होतं ते शोधा, आजी, काका, शेजारचे दादा, आणि त्यांना विचारा: पहिला माड कोणत्या बाजूला पडला?