जाळी छापायची तर रेषांतच

गोंदिया जिल्ह्यातल्या गाढवी नदीवरचं इटियाडोह हे मातीचं धरण. अशा धरणातून पाणी कसं पाझरतं हे संगणकावर काढायचं, तर आधी त्याच्या छेदाचे हजारो त्रिकोण पाडावे लागतात. त्रिकोणांच्या या जाळीचा स्क्रीनशॉट अहवालात चिकटवला की छपाईत रेषा फुटतात. पायथ्याजवळचे बारीक त्रिकोण म्हणजे नुसता काळा डाग. त्यापेक्षा एसव्हीजी किंवा पीडीएफ काढावी. तिथे ठिपक्यांऐवजी (पिक्सेलऐवजी) त्रिकोणांचे कोपरे आणि रेषाच साठवलेल्या असतात, चित्र कितीही मोठं करा. जीमेश या मोफत सॉफ्टवेअरमध्ये एक्स्पोर्ट करताना फाइलच्या नावापुढे ‘एसव्हीजी’ लावलं की भागतं.

जाळी पायथनमधून काढायची असेल, तर मॅटप्लॉटलिब या लायब्ररीतलं ‘ट्रायप्लॉट’ हे फंक्शन दोन त्रिकोणांची सामायिक कड एकदाच काढतं. त्रिकोण सुटे सुटे काढले, तर आतली प्रत्येक रेष दोनदा येते आणि फाइल उगाच फुगते. रंग भरलेल्या त्रिकोणांमध्ये केसाएवढ्या पांढऱ्या भेगा दिसल्या तर कडेलाही आतलाच रंग द्यावा. त्रिकोण लाखांवर गेले, तर मात्र हट्ट सोडावा: रंग ठिपक्यांत, अक्षरं आणि अक्ष रेषांत. ‘रास्टराइज्ड’ हा पर्याय दिला की मॅटप्लॉटलिब अशी मिश्र पीडीएफ काढून देतं.