तळव्यावरील व्रण आणि यांत्रिक बले : कुष्ठरोगमुक्त व्यक्तींच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

जखम भरून येणे ही केवळ रक्त, पेशी आणि जंतू यांच्यातील घडामोड आहे, असा सर्वसाधारण समज आढळतो. प्रत्यक्षात त्वचेवर पडणारा दाब, तिला बसणारा ताण आणि तिचे थर एकमेकांवर सरकविणारे बल यांवर जखम भरेल की चिघळेल, आणि मागे राहणारा वण कसा असेल, हे बऱ्याच अंशी ठरते. वऱ्हाडात याचे सर्वांत बोलके उदाहरण कुष्ठरोगाने बधिर झालेल्या तळव्यावरील व्रणाचे होय. डॉ. शिवाजीराव उपाख्य दाजीसाहेब पटवर्धन यांनी १९४६ मध्ये अमरावती येथे तपोवनाचे कार्य सुरू केले. अचलपूरजवळ कोठारा येथेही कुष्ठरुग्णालय आहे. त्यामुळे या भागाला हा व्रण अपरिचित नाही; अपरिचित आहे ते त्याचे कारण.

दाबाचे गणित :

कुष्ठरोग्याचे मांसच मुळात सडके असते, म्हणून जखम भरत नाही, असे दीर्घकाळ मानले गेले. वेल्लोर येथे १९४६ पासून कार्यरत असलेले शल्यचिकित्सक डॉ. पॉल ब्रँड यांनी या समजुतीस छेद दिला. प्लास्टरमध्ये बंद केलेल्या पायावरील व्रण इतर कोणत्याही माणसाच्या जखमेप्रमाणे भरून येतात, हे त्यांनी दाखविले. म्हणजे दोष मांसाचा नव्हता, पायावरील भाराचा होता.

साठ किलो वजनाचा मनुष्य दोन्ही पायांवर उभा असता प्रत्येक तळव्याचे सुमारे १०० चौरस सेंटिमीटर क्षेत्र जमिनीस टेकते असे धरल्यास, दर चौरस सेंटिमीटरला ०.३ किलो भार येतो. हा दाब पाऱ्याच्या सुमारे २२० मिलिमीटरइतका होतो. केशवाहिन्यांतील रक्तदाब मात्र साधारण ३० मिलिमीटरच्या आसपास असतो. याचा अर्थ असा की, निरोगी माणसाच्या तळव्यातील रक्तप्रवाहही उभे असताना दबलेलाच असतो. त्याला वाचविते ती वेदना : नकळत तो भार या पायावरून त्या पायावर टाकतो, लंगडतो, बसतो. संवेदना गेलेला पाय ही सूचना देत नाही. शिवाय तळव्यातील लहान स्नायू दुर्बल झाल्याने बोटे वाकडी होतात आणि सारा भार चवड्याच्या हाडांखालील लहानशा जागेवर एकवटतो. घाम थांबल्याने त्वचा कोरडी पडून भेगाळते, ती अडचण वेगळीच. एका मोठ्या आघातापेक्षा सुजलेल्या जागेवर हजारो पावलांनी पडणारा मध्यम दाबच येथे अधिक घातक ठरतो.

वणाचे स्वरूप :

जखम भरताना फायब्रोब्लास्ट पेशी कोलॅजेनचे तंतू विणतात. त्यांच्यावर ताण आल्यास त्यांचे रूपांतर आकुंचन पावणाऱ्या मायोफायब्रोब्लास्ट पेशींत होते. या पेशींचे वर्णन गॅबियानी व सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये केले. ताण कायम राहिला तर या पेशी कार्यरत राहतात आणि वण जाड, ताठर होतो. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या गटाने २०२१ मध्ये उंदरांच्या त्वचेतील ताणाचा हा संदेश औषधाने रोखला असता, वण न राहता केसांसह त्वचा पुन्हा निर्माण झाल्याचे दाखविले. मानवात तसे घडविणे अद्याप दूर आहे.

पूर्ण भरलेला वणही मूळ त्वचेच्या साधारण ८० टक्केच मजबुती गाठतो. तळव्यावरील वण तर अनेकदा हाडास चिकटतो. निरोगी तळव्याखालील चरबीची गादी चालताना थोडी सरकते आणि बल पसरविते. चिकटलेला वण सरकत नाही. परिणामी त्याच्या कडेशीच त्वचा पुन्हा फाटते, नवा वण आधीच्याहून मोठा होतो, आणि ही साखळी काही वेळा पाय कापण्यापर्यंत जाते.

उपाय व अडचणी :

बहुविध औषधोपचाराने जंतू नष्ट होतो; पण मेलेली नस परत येत नाही. डिसेंबर २००५ मध्ये भारताने राष्ट्रीय पातळीवर कुष्ठरोग निर्मूलनाचे उद्दिष्ट गाठले, तरी रोगमुक्तांचे बधिर पाय राहिलेच. मऊ सूक्ष्मछिद्री रबराचा आतला थर, खाली न वाकणारा कडक तळ आणि टाचेमागे पट्टा असलेली चप्पल हा त्यावरील साधा उपाय शासकीय कार्यक्रमातून विनामूल्य दिला जातो. खिळे त्यात वर्ज्य असतात, कारण बधिर पायास टोचणारा खिळा कळत नाही. सोबत रोज पाय पाण्यात भिजविणे, घट्टा घासणे आणि तेल लावणे आवश्यक असते.

तथापि मोर्शी-वरुड पट्ट्यात संत्र्याच्या बागेत किंवा कपाशीच्या शेतात रोजंदारी करणाऱ्यास ‘पायाला विश्रांती द्या’ हा सल्ला म्हणजे मजुरी बुडविण्याचा सल्ला असतो. काळ्या मातीचा चिखल चपलेस चिकटला की ती जड होते आणि काढून ठेवली जाते. त्यातही एकाच घडणीची ती चप्पल पायात दिसताच गाव रोग ओळखते, म्हणून काहीजण ती घरीच ठेवतात. मधुमेहाने बधिर झालेल्या पायास आज हेच प्लास्टर आणि अशाच मऊ तळाची पादत्राणे सुचविली जातात. ती घालणाऱ्याकडे मात्र कोणी वळून पाहत नाही.