गच्चीवर या, तारे मोजा!

मृग नक्षत्र ओळखता येतं ना? मधे ओळीत तीन तारे, भोवती चौकोन करणारे चार. फेब्रुवारीत रात्री साडेआठ-नऊला ते मुंबईत जवळजवळ डोक्यावर असतं. आता गिरगावातल्या चाळीच्या गच्चीवरून किंवा परळच्या टॉवरच्या टेरेसवरून वर बघा आणि सांगा, सातपैकी किती दिसले? आणखी बारीक तारे काही दिसतायत का? एवढ्या उत्तरावर तुम्ही एका जागतिक संशोधनात सामील होऊ शकता.

‘ग्लोब अ‍ॅट नाइट’ हे त्या उपक्रमाचं नाव. २००६ पासून तो सुरू आहे आणि अमेरिकेतली नॉयरलॅब ही खगोलसंस्था तो चालवते. दुर्बीण नको, फी नको. वेबसाइटवर एकाच तारकासमूहाचे क्रमाने नकाशे असतात. पहिल्यात जेमतेम ठळक तारे, सातव्यात ताऱ्यांचा नुसता सडा! तुमचं आकाश ज्या नकाशासारखं दिसतं तो निवडायचा, जागा, वेळ आणि ढग किती ते भरायचं, सबमिट. सूर्यास्तानंतर तासभर थांबा, चंद्र नसलेली रात्र घ्या आणि डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला किमान दहा मिनिटं द्या. (त्या दहा मिनिटांत रील्स बंद.)

उपग्रह असताना आपले डोळे कशाला? कारण प्रकाश मोजणाऱ्या मुख्य उपग्रहांना निळा उजेड नीट दिसत नाही आणि एलईडीच्या पांढऱ्या दिव्यात तोच भरपूर असतो. होर्डिंग, खिडक्यांमधून आडवा पसरणारा प्रकाशही त्यांच्या नजरेतून बराचसा निसटतो. २०२३ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात क्रिस्टोफर कायबा आणि सहकाऱ्यांनी अशाच ५१ हजारांवर नोंदींचा अभ्यास मांडला. २०११ ते २०२२ या काळात आकाशाचा उजेड वर्षाला सरासरी ९.६ टक्क्यांनी वाढला होता. या वेगाने, जिथे बाळ जन्मलं तेव्हा २५० तारे दिसत होते, तिथे ते अठरा वर्षांचं होईपर्यंत शंभरच उरतात. म्हणजे फर्स्ट इयरला येईपर्यंत! पण या नोंदी बहुतेक युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या. आपली बाजू तिथे फारच कमी.

गिरगाव चौपाटीवरून दिसणारा राणीचा हार आठवा. २०१५ मध्ये तिथे पिवळ्या दिव्यांच्या जागी पांढरे एलईडी आले, टीका झाली आणि पुन्हा पिवळसर उजेड आणावा लागला. वाद शोभेचा होता. ताऱ्यांची बाजू फारशी कुणी मांडली नाही. खरं तर निळा प्रकाश हवेत जास्त विखुरतो, त्यामुळे तितक्याच उजेडाचे पांढरे दिवे आकाश अधिक उजळवतात. वीज वाचते हे खरंच, पण दिव्याचा रंग आणि तोंड कुठे, हेही बघायला हवं. पेंच व्याघ्र प्रकल्प जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क ठरला, तेव्हा आसपासच्या गावांतले दिवे जमिनीकडे वळवण्यात आले होते.

‘दादरहून काय दिसणार, त्यासाठी वांगणीला जावं लागतं,’ असं कुणीतरी म्हणेलच. आकाशदर्शनाला वांगणी हवंच. पण इथे मोजायचाय तो बिघाड! दोन-चार तारेच दिसले तर दोन-चारच लिहा, ती नोंदही पूर्ण किमतीची. जागा मात्र दर महिन्याला तीच ठेवा, नाहीतर तुलना कसली करणार?

पावसाळा सोडून द्या. ऑक्टोबर ते मे आपला सीझन. सुरुवात दिवाळीपासूनच करता येईल. लक्ष्मीपूजनाला अमावास्या, म्हणजे चंद्राची अडचण नाही. रात्री नऊ-दहाला भाद्रपदांचा मोठा चौकोन वर असतो. त्या रात्री कंदील, रोषणाई आणि फटाक्यांच्या धुरात त्याचे किती कोपरे दिसतात ते लिहा आणि पुढच्या अमावास्येला त्याच गच्चीवरून परत मोजा.