भूमध्यसागरी बुटका ताड

भूमध्यसागरी बुटका ताड (शास्त्रीय नाव: कॅमेरॉप्स ह्युमिलिस) ही ताड कुलातील (ॲरेकेसी) काटक, झुडूपवजा वनस्पती आहे. कॅमेरॉप्स प्रजातीतील ही एकमेव जाती असून लिनियस यांनी १७५३ मध्ये तिचे शास्त्रीय वर्णन केले. ग्रीक भाषेतून आलेल्या प्रजातिनामाचा अर्थ ‘जमिनीलगतचे झुडूप’ असा आहे. लॅटिन ‘ह्युमिलिस’ म्हणजे ठेंगणा.

प्रसार

पोर्तुगाल, स्पेन, इटली, सिसिली, सार्डिनिया व माल्टा, तसेच मोरोक्को, अल्जीरिया आणि ट्युनिशिया येथे ही वनस्पती नैसर्गिकरीत्या आढळते. खडकाळ उतार व निकस, कोरडी जमीन तिला मानवते.

वर्णन

एकाच बुंध्यातून अनेक खोडे फुटून दाट जाळी तयार होते. उंची सामान्यतः २ ते ५ मी. असते. पाने पंखाकृती असून देठांवर तीक्ष्ण काटे असतात. नर व मादी फुले बहुधा वेगवेगळ्या झाडांवर येतात. फुलोऱ्याच्या काळात पानांतून सुटणारा गंध एका जातीच्या सोंडकिड्याला आकर्षित करतो व त्याच्याद्वारे परागण होते. वणव्यात पाने जळाली, तरी बुंध्यातून पुन्हा कोंब फुटतात. सुमारे −१० ° से. पर्यंतची थंडीही हे झाड सोसते.

उपयोग

महाराष्ट्रात शिंदीच्या पात्यांची केरसुणी करतात, त्याप्रमाणे या ताडाच्या पानांपासून झाडू तयार होतात. कोवळी पाने उन्हात वाळवून टोपल्या, चटया, टोप्या व दोर विणतात. स्पेनच्या मायोर्का बेटावर आणि पोर्तुगालच्या आल्गार्व्ह प्रांतात ही हस्तकला प्रसिद्ध आहे. शेंड्यातील कोवळा गाभा खाल्ला जातो. मात्र तो काढल्यास ते खोड मरते.

फ्रेंच वसाहतकाळात अल्जीरियातील शेतकरी या झाडाला नांगरणीतील अडथळा मानत, कारण चिवट बुंधे उपटणे कष्टाचे होते. १९ व्या शतकात त्याच्या पानांचे तंतू घोड्याच्या केसांऐवजी गाद्या व आसने भरण्यासाठी वापरले जाऊ लागले आणि तण समजली जाणारी ही वनस्पती व्यापारी माल ठरली.

महत्त्व व धोके

उतारावरील माती धरून ठेवत असल्याने जमिनीची धूप रोखण्यासाठी हे झाड उपयुक्त आहे. शेतीविस्तार व बांधकामांमुळे अनेक ठिकाणी त्याची जागा घटली आहे. दक्षिण अमेरिकेतून शोभेच्या ताडांबरोबर युरोपात आलेल्या एका पतंगाच्या अळ्या खोड पोखरून ते मारतात. आग व तोडणीनंतर सावरणाऱ्या या झाडाला आतून होणारा हा हल्ला अधिक घातक ठरतो.

गटेचा ताड

इटलीतील पादुआच्या वनस्पती उद्यानात १५८५ मध्ये लावलेले या जातीचे झाड आजही पाहावयास मिळते. जर्मन साहित्यिक गटे यांनी १७८६ मध्ये ते पाहिले. त्याच्या पानांचे क्रमाने बदलत जाणारे आकार त्यांच्या वनस्पतींच्या रूपांतरणाविषयीच्या विचारांना चालना देणारे ठरले. म्हणून हे झाड ‘गटेचा ताड’ या नावाने ओळखले जाते.